नाडीचा निवाडा

कोरियन वैद्य डॉक्टर बेक आणि त्यांची बायको डॉक्टर यून आखातातल्या अजमानला एकच दवाखाना चालवत. पण एकाच माणसाची नाडी दोघांनी पाहिली की निदान हमखास वेगळं निघे आणि वाद पेटे. शेवटी वैतागून यूनबाईंनी शेजारच्या उम्म अल कुवैन शहरात स्वतःपुरता वेगळा दवाखाना पाहिला. जाण्याआधी यंत्रानंच काय तो निवाडा करावा म्हणून दोघांनी नाडीयंत्रवाल्या दर्शनाला बोलावलं. दर्शनाला धास्ती, यंत्रानं एकाला खोटं पाडलं तर यांचं घरच मोडायचं.

दवाखान्याचा ड्रायव्हर खैरुद्दीन हात पुढे करून बसला. दर्शनानं त्याच्या मनगटावर बोटांचा दाबही मोजणारी सेन्सरची पातळ पट्टी गुंडाळली आणि तिच्यावरूनच दोघांनी आळीपाळीनं नाडी पाहिली.

"नाडी क्षीण आहे," बेक म्हणाले.

"चांगली भरलेली आहे," यूनबाई म्हणाल्या.

दर्शना स्क्रीनकडे बघतच राहिली. "सर, तुम्ही फार जोरात दाबताय. मॅडमइतकं हलकं धरा बघू."

बेकनी बोटं सैल केली आणि त्यांचा चेहराच बदलला. "भरलेली," ते पुटपुटले. मग यूनबाईंनी नवऱ्याइतक्या जोरानं दाबून पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. "खरंच की, क्षीण लागतेय."

"म्हणजे इतकी वर्षं दोघंही बरोबरच होतात," दर्शना म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला.

"ते ठीक आहे, ताई," खैरुद्दीन म्हणाला, "पण मी बरा आहे की आजारी?"

त्याला उत्तर द्यायला कुणी मोकळं नव्हतं. बेकनी आता बायकोचं मनगट धरलं होतं, आणि त्या म्हणत होत्या, "अजून हलकं."