शेवटाचा तुकडा

कथेचे कात्रीने तुकडे करून लेखकाने ते भिंतीवर मागेपुढे चिकटवले. शेवटाचा तुकडा सगळ्यांत आधी.

"शेवट आधीच कळला, तर पुढचं वाचायचं कशाला?" असं म्हणून बायको स्वयंपाकघरात निघून गेली.

त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तुला कथेतलं कळतं तरी काय, असं तो विचारणारच होता. तोंड उघडण्याआधीच आतून उत्तर आलं, "काही कळत नाही मला. झालं समाधान?"

तो चरकला. मग आणखीच भडकला. तिला बाहेर बोलवायला त्याने श्वास घेतला.

"नाही येणार," ती आतून म्हणाली.

दातओठ खात तो खुर्चीतून उठला.

स्वयंपाकघरातून येणारा तिचा आवाज आता थरथरत होता. "अरे, ती कात्री खाली ठेव."

कात्री अजून टेबलावरच होती.