यादीतली कुमुदिनी

धारगळचे निवृत्त मास्तर वामन गावस बत्तीस वर्षं एकच कादंबरी लिहीत होते. नायिका कुमुदिनी वीस वर्षांची. तिच्या लग्नाचं प्रकरण मनासारखं उतरेना, म्हणून ते दरवर्षी फाडून पुन्हा लिहायला घेत. वही त्यांनी बायकोलासुद्धा दाखवली नव्हती.

गोवा राज्य झाल्यावरची पहिली निवडणूक आली. गावातल्या कार्यकर्त्याने दारात उभं राहून मतदारयादीतली त्यांच्या घरची नावं वाचली. "वामन गावस, वय साठ. सुमंगला गावस, पंचावन्न. कुमुदिनी गावस, बावन्न. वडिलांचं नाव वामन."

"आठव्या वर्षी बाप झालात तुम्ही?" सुमंगलाबाईंनी विचारलं.

मास्तर हसले नाहीत.

मतदानाच्या दिवशी केंद्रावरच्या माणसाने त्या नावावरची खूण दाखवली. "ही बाई सकाळीच मत देऊन गेली, मास्तर."

ते धापा टाकत घरी आले. सुमंगलाबाई तिसरं पान मांडत होत्या.

"वाटेत भेटली. बोटाची शाई घासत न्हाणीत बसलीय," त्या म्हणाल्या. "केस सगळे पिकले हो बिचारीचे. लग्न कधी लावणार, ते आज तुम्हालाच विचारणार म्हणते."

न्हाणीतला पाण्याचा आवाज थांबला.