आतला आरसा

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा बरं, जुन्या बाजारातून आणलेलं एक लाकडी कपाट. आत्या त्याच्या दारावर आरशाचे चौकोनी तुकडे चिकटवत होती, चिमी हाताखाली होती. दाराला पडलेल्या भोकावर चिमीने एक तुकडा घाईघाईत उलटा बसवला, चकचकीत बाजू आत! आत्याच्या लक्षात येईपर्यंत गोंद वाळून घट्ट झाला होता.

"असू दे गं वेंधळे," आत्या हसली. "आत कोण बसलंय तोंड बघायला?"

सकाळी दार उघडलं, तर आत चिमीचा कंगवा आणि त्यात अडकलेले लांबलचक पांढरे केस. घरात राहायच्या या दोघीच, आणि दोघींचेही केस काळे. आत्याने धाडकन दार लावून टाकलं.

 

चिमीने मात्र उरलेला तुकडा पुढे केला. "हाही आत लाव ना, आत्या. स्वतःची वेणी मागून दिसत नाही म्हणते ती."