कोपऱ्यापासून तिसरी

टप्.

जिन्याखालच्या कपाटातून आवाज आला आणि भिंतीला टेप लावून उभा असलेला व्हॅल्युअर तसाच थांबला. घराची किंमत ठरवायला बँकेने त्याला पाठवलं होतं. सासऱ्यांनी वर्तमानपत्राचं पान उगाचच उलटलं.

टप्.

या वेळी तर चांगला खणखणीत. आता लपवण्यात अर्थ नव्हता. सुनेने कपाटाचं दार उघडलं. पातेलं जागेवर होतं, पण आवाज होऊ नये म्हणून त्यात घातलेलं घडीचं फडकं गायब होतं. ते पाच वर्षांच्या लेकीच्या बाहुलीच्या अंगावर होतं, थेट हनुवटीपर्यंत.

"तिला थंडी वाजत होती," लेक म्हणाली.

व्हॅल्युअरने पातेल्यात डोकावलं, मग वरच्या पिवळ्या डागाकडे पाहिलं. "कधीपासून?"

"झाले पाच-सहा महिने."

"दोन प्लंबर येऊन गेले," सासरे बाकावरून म्हणाले. "दोघंही चहा पिऊन गेले. करणार काय बिचारे? सूनबाईंची ताकीद होती, सगळं बघा, पण फरशीला हात लावायचा नाही."

"बाबा!"

"का, खोटं बोललो?"

व्हॅल्युअरने चष्मा पुसला. "हे बघा ताई, कारण सापडलं तर मी 'दुरुस्ती चालू' असं लिहितो, काही अडत नाही. नाही सापडलं तर 'गळती, कारण अज्ञात'. मग तुमचा कर्जाचा कागद तिथेच बसला. आणि अहवाल मला आजच द्यायचाय."

कागद बसला की कर्जातून खाली बांधायची नवी खोलीही बसली. सासऱ्यांना आता जिना चढवत नव्हता. महिनाभर ते पुढच्या खोलीतल्या बाकावर झोपत होते आणि बाक किती ऐसपैस आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते.

वर न्हाणीघराच्या दारात व्हॅल्युअर थबकला. मग कुणी न सांगता त्याने बूट काढले.

दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत अकरा फरशा. सगळ्या अख्ख्या, एकही कापलेली नाही. सांधे असे, की दोरी ताणून ठेवलीय आणि काढायची राहिलीय. पाणी जायची जाळी एका फरशीच्या बरोबर मधोमध.

"कुणी बसवली हो?"

"माझ्या आईने!" लेक पुढे सरसावली. "दोन दवाखाने आणि माझी शाळा, ते पण आईनेच."

"नखाएवढी चूक काढून दाखवा म्हणावं!" खालून सासऱ्यांचा आवाज आला. जिना चढवत नव्हता, पण कान चढत होते.

लेकीने फ्रॉकच्या खिशातून गोटी काढून कोपऱ्यात ठेवली. गोटी क्षणभर विचारात पडली, मग घरंगळत जाऊन जाळीवर थांबली. "कुठेही ठेवा, तिथेच जाते."

व्हॅल्युअरने बोटाच्या पेराने फरशा वाजवून पाहिल्या. कुठेच बद्द आवाज नाही. "बावीस वर्षं घरं बघतोय," तो म्हणाला, "पण असं काम नाही पाहिलं." मग जरा अवघडूनच त्याने पेन काढलं. "तर मग... कारण अज्ञात?"

खाली बाक करकरलं. म्हातारा कूस बदलत असावा.

ती वळली. खाली गेली आणि कामाची पिशवी घेऊन वर आली. बाह्या कोपरापर्यंत सारल्या.

"जाळीपासून सुरुवात करा," व्हॅल्युअर म्हणाला. "पाणी तिथेच जातंय."

पण जाळीपाशी ती थांबलीच नाही. थेट खिडकीखाली गेली, बादली बाजूला सारली आणि कोपऱ्यापासूनच्या तिसऱ्या फरशीपाशी बसली. तिच्यावरून एकदा हात फिरवला, झोपलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. मग छिन्नी टेकवली.

आधी चारही सांधे मोकळे केले. मग मधोमध एक घाव. तुकडे उचलून तिने ओळीने बाजूला मांडले. खालचा सिमेंटचा माल काळाशार, भिजलेला. तो खरवडला तसा पाइप दिसला आणि त्याच्या जोडावर फुगत चाललेला एक थेंब.

व्हॅल्युअरने टॉर्च मारली. "पाइप तिरका ओढलाय कुणीतरी. दोन बोटं तरी."

"मी ओढलाय." तिने मान वर केली नाही. "जाळी मधोमध आणायची तर दाराशी फरशी कापावी लागत होती. पाइप सरकवायला प्लंबर नको म्हणत होता. तो जेवायला गेला तेव्हा मीच सरकवला."

व्हॅल्युअर पेन धरून तसाच उभा राहिला. "मग काय लिहू?"

"लिहा. जोड ताणला गेला. चूक फरशी बसवणारीची. दुरुस्ती चालू." तिने पाना उचलला. "आणि खरंच चालू आहे. बघा."

त्याने लिहिलं. मग वाकून खड्ड्याच्या कडा निरखल्या. "शेजारच्या एकाही फरशीला ओरखडा नाही हो."

"नसणारच," ती म्हणाली.

"सापडलं का गं?" खालून हाक आली.

"सापडलं, बाबा!"

"कुणाचा प्रताप?"

"माझाच!"

खाली वर्तमानपत्र सळसळलं. मग म्हातारा गरजला, "चूकसुद्धा ओळंब्यात केली असशील!"

व्हॅल्युअर मोठ्याने हसला. तीही हसली. बऱ्याच दिवसांनी पाठ ताठ झाल्यासारखी वाटली.

लेक मात्र हसली नाही. ती खड्ड्याशी उकिडवी बसली होती. बोटाने फरशा मोजत ती दारापर्यंत गेली, तिथून परत आली, आणि त्या एकाच रिकाम्या चौकोनावर तिचं बोट थांबलं.

"आई, एवढ्या सगळ्या फरशा होत्या. मग हीच फोडायची, हे तुला कसं माहीत?"