मालतीबाईंची निळी गादी

आबांच्या मांडीवर निळी साडी होती आणि साडीला कात्री लागली होती.

सोनम दारातच थबकली. ती साडी कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, पांढऱ्या फडक्यात बांधलेली असायची. तिच्या सासूबाई, भिमाबाई, ती वर्षातून एकदाच काढायच्या, चौदा एप्रिलला, जयंतीच्या मिरवणुकीला. भिमाबाई गेल्यावर त्यांच्या बाकीच्या साड्या आबांनी नातलगांत वाटून टाकल्या. ही एक तेवढी कुणाला हात लावू दिली नव्हती.

“ये, बघ,” आबा खुशीत म्हणाले. “बोचक्यात निळा तुकडाच न्हवता. मालतीबाईला निळीच पाहिजे म्हनलीस ना काल?”

मालतीबाई नावाची बाई सोनमच्या ऑफिसात नव्हती. कुठेच नव्हती.

तिचे सासरे, भगवानआबा, कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेनवर होते. जन्मभर लोखंड उचललं, आणि निवृत्तीनंतर एका सकाळी उजव्या हातातून चहाचा कप निसटला. अर्धांगाचा झटका होता. पाय सावरले, हात राहिला. ‘बोटांना बारीक काम द्या,’ असं फिजिओथेरपीवाली म्हणाली. भिमाबाई बिल्डिंगमधल्या बायकांचे ब्लाऊज शिवायच्या. त्यातल्या उरलेल्या चिंध्यांचं बोचकं घरात पडून होतं. सोनमने मोबाईलवर बघून आबांना टाचण्या खोचायच्या गाद्या करायला शिकवलं. बाटलीचं झाकण नाहीतर कानतुटका कप घ्यायचा, जुन्या उशीचा कापूस ठासून भरायचा, वरून रंगीत चिंधी ताणून शिवायची, कडेला लेस. पहिल्या गादीला आबांनी आठवडा घेतला. बोटं टोचून टोचून लाल झाली. पण झाली.

सोनमने त्यांतल्या काही ऐरोलीला ऑफिसात नेल्या. मुलींनी हातात घेऊन ‘सो क्यूट’ म्हटलं आणि परत ठेवल्या. घरात सुई कोण वापरतं आता? संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आबा दाराशी खुर्ची टाकून बसले होते.

“आवडल्या का कुनाला?”

“हो आबा,” ती बोलून गेली. “सगळ्या संपल्या.”

आबांचा चेहरा असा उजळला की पुढे खरं सांगायची तिची हिंमतच झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, कुणी घेतल्या? तेव्हा मालतीबाई जन्माला आल्या. अकाउंट्समधल्या, जाड चष्म्याच्या, भरतकामाचा नाद असलेल्या. मग मालतीबाईंची सून आली. सुनेशी त्यांचं पटत नाही, हे आलं. नातवाने गादीवरची लेस कशी उपटली, तेही आलं. आधी सोनम ऑफिसातून यायची, ‘आबा, गोळी घेतली का?’ एवढं विचारून स्वयंपाकाला लागायची. आता तिला पर्स खाली ठेवून त्यांच्याजवळ बसावंच लागायचं. मालतीबाईंचं आज काय, ते सांगितल्याशिवाय आबा सोडायचे नाहीत. आणि तयार गाद्या ती एका पिशवीत भरून माळ्यावर, पाण्याच्या टाकीमागे सारत होती. प्रत्येक वेळी मनात म्हणायची, उद्या सांगू.

काल काहीतरी सांगायचं म्हणून ती म्हणाली होती, मालतीबाईंना आता निळी हवीय. लाल, पिवळी, हिरवी सांगून झाली होती, एवढंच त्यामागे कारण.

आता त्या निळ्या कापडाचा गोल आबांच्या हातात होता. ज्या बोटांना पेला धरवत नव्हता, ती बोटं बारीक टाके घालत होती. उरलेली साडी फरशीवर पसरली होती. पदराला मोठं भोक पडलं होतं.

मालतीबाईंची बदली झाली असं सांगून टाकावं, हे तिच्या मनात येऊन गेलं. त्या विचाराचीच तिला शरम वाटली. ती आबांसमोर खाली बसली.

“आबा, मी खोटं बोलले. मालतीबाई कुणी नाहीच. एकसुद्धा गादी कुणी घेतली नाही. सगळ्या माळ्यावर आहेत. माझ्यामुळे आईंची साडी…”

साडीचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं आणि ती रडू लागली.

आबांनी टाका पूर्ण केला. दोऱ्याला गाठ मारली. मग डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

“ठाव हाय मला.”

सोनमने मान वर केली.

“टाकीचा नळ गळत होता तवा प्लंबर आला होता ना? त्यानं पिशवी खाली काढली. मी उघडून बघितली, परत वर ठेव म्हनलं त्याला.”

“पण त्याला तर किती दिवस झाले! मला बोलला का नाहीत? आणि सगळं माहीत होतं तर मग साडी का कापलीत आबा?”

आबांनी तो कापलेला पदर मांडीवर ओढून घेतला.

“निळं कापड न्हाई म्हनलो असतो, तर तू मालतीबाईला तिथंच थांबवली असतीस,” ते म्हणाले. “पोरी, भिमा गेल्यापासनं ह्या घरात माझ्याशी दोन शब्द बोलाया तीच एक येत होती.”