बाहेर बसलेली

“अगं, टाच अजून मागे घे. बस एवढंच?” सान्वीनं विचारलं.

रुचितानं ओठ घट्ट मिटून गुडघा वाकवला. ऑपरेशनचा व्रण ताणला गेला. सान्वीला तो बघवत नव्हता, पण तिनं मान फिरवली नाही. कोपर गावातल्या मैदानावर सरावात चढाईला आलेल्या रुचिताचा घोटा तिनंच धरला होता. घोटा सुटला नाही, गुडघा मात्र पिळवटला आणि आतलं लिगामेंट तुटलं.

तेव्हापासून सान्वी खेळली नव्हती. कबड्डीत बाद झालेली पोरगी रेषेबाहेर बसते आणि आपल्यातल्या कुणी गुण आणला की पुन्हा आत येते. सान्वीनं हट्टच धरला, “मी बाद. तू गुण आणशील तेव्हाच उठेन.” त्यांच्या कोच सुमतीताईंनी समजावलं, रागावून पाहिलं. पोरगी जागची हलेना. जिल्ह्याची निवड जवळ येत चाललेली, आणि तिच्यासारखी पकड संघात दुसऱ्या कुणाची नव्हती.

ती रोज रुचिताकडे यायची, गुडघ्याला बर्फ लावायची, कळव्याला डॉक्टरांकडे सोबत जायची. डॉक्टरांच्या केबिनमध्ये मात्र रुचिता एकटीच जाई.

“काय म्हणाले?”

“होईल म्हणाले. चल, भूक लागलीये.”

रुचितानं जिवाचं रान केलं. चालली, जिने चढली, हळूहळू धावायलाही लागली. सान्वीचा जीव भांड्यात पडे, पण मनातला अपराधीपणा काही केल्या जाईना.

निवडीच्या आधीच्या रविवारी दोन तुकड्या पाडून सामना लावला. सुमतीताईंनी रुचिताला चढाईला पाठवलं. तिनं माती कपाळाला लावली आणि ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत रेषा ओलांडली. सान्वीनं डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा रुचिता समोरच्या मेघनाच्या पायाला हात लावून परतली होती.

“ऊठ गं आता!” ती ओरडली.

सान्वी रडत रडतच आत गेली. पुढच्याच चढाईवालीला तिनं घोट्यात धरून लोळवलं. शिट्ट्या घुमल्या. किती दिवसांनी ती हसली.

मध्यंतरात तिनं मेघनाला चिडवलं, “काय गं, पाय असा पुढे ठेवतात? धरायचं नाही तिला?”

मेघनानं तिला बाजूला ओढलं.

“कसं धरणार? माझ्या घरी येऊन हात जोडलेले तिनं. डॉक्टरांनी तिची कबड्डी ऑपरेशनच्या वेळीच कायमची बंद केलीये, सान्वी.”