शुन्जीचा ड्रोन

"आजी, जरा सरका बघू. खिळा पायात जायचा तुमच्या."

मित्सुए सरकली. अंगणातली पार्सलची चटई उन्हाने पार विटली होती, म्हणून ड्रोन कंपनीचा हामादा सकाळच्या बोटीने नवी घेऊन बेटावर आला होता. दर मंगळवारी अकराला ड्रोन याच चटईवर दोरीने खोकं सोडायचा. तांदूळ, सूपासाठी मिसो, गुडघ्याची औषधं.

"चटईवर उभं राहू नका हं. माणूस दिसलं की सोडतच नाही तो, वर लटकून राहतो."

"मला शिकवतोस? तीन वर्षं घेतेय." मग तिला राहवलं नाही. "त्या तुमच्या शुन्जीला सांग, आईने तुझ्या नावाने आंघोळ केली म्हणावं."

हातोडी थांबली. "शुन्जी ओहारा? तुम्ही त्याच्या आई?"

"होते," मित्सुए फणकारली.

शुन्जी तिचा एकुलता एक. मासेमारीवरून बापाशी कडाक्याचं भांडण झालं आणि तो घर सोडून गेला. बापाने, गेन्झोने, त्याच्या नंबराचा कागद फाडला, त्याचं नाव घ्यायची बंदी केली. पण एकदा खोक्यात चिठ्ठी सापडली : 'आई, वर बघ. हा मीच उडवतो.' तेव्हापासून दर मंगळवारी ती पांढरा पंचा हलवायची आणि ड्रोन दोनदा खाली झुकायचा. बापाच्या नाकावर टिच्चून मायलेकरं बोलून घ्यायची.

एप्रिलमध्ये गेन्झो गेला. तिने काळी फीत लावलेला फोटो दोन्ही हातांनी वर धरला, दंड भरून येईपर्यंत. ड्रोनने खोकं सोडलं आणि चालता झाला. झुकला नाही. एकोणपन्नासाव्या दिवशीच्या विधीला भिक्षू सूत्रं म्हणत होता, तेव्हाही तिची नजर बंदराच्या वाटेकडे होती. पोरगा आला नाही. त्यानंतर तिने ड्रोनकडे मान वर करून पाहिलंच नव्हतं.

"बाप गेलेला दिसला त्याला, तरी आला नाही मेला!" तिचा आवाज चिरकला.

हामादाने हातोडी खाली ठेवली. "आजी, त्याला नाही दिसला. कुणालाच नाही. मार्चअखेरीपासून हा आपला आपणच उडतो. उडवणाऱ्या सगळ्यांना घरी बसवलं."

"मार्चअखेरीपासून?" मित्सुएने विचारलं.

"शेवटच्या दिवशी मी तिथेच होतो. साहेब ओरडत होता, तरी शुन्जीने तुमच्या अंगणावरून ड्रोन हलवला नाही. चार वेळा झुकवला. तुम्ही बाहेरच आला नाहीत. म्हणाला, आईनेही दार लावलं."

मार्चअखेर. तेव्हा ती पलीकडच्या गावात, इस्पितळात गेन्झोच्या उशाशी होती.

"आता कुठे असतो रे?"

"उत्तरेकडे गेला म्हणे. नंबर बंद येतो. खूपदा लावून पाहिला मी."

"अगं आई गं," म्हणत ती पायरीवरच बसली. "सात महिने लेकराला शिव्या घातल्या रे मी." आणि ती हमसून हमसून रडली. हामादा उरलेले खिळे ठोकत राहिला.

अकराला समुद्रावरून घरघर ऐकू आली. मित्सुए उठली. दोरीवरचा पांढरा पंचा ओढून घेतला आणि नव्या चटईच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

ड्रोन डोक्यावर आला आणि थांबला.

"आजी, बाजूला व्हा! बॅटरी उतरत आली की तांदूळ घेऊन परत जाईल तो."

"जाऊ दे. तोवर तरी थांबेल ना?"

तिने पंचा हलवला. एकदा, दोनदा, मग हलवतच राहिली.

"शुन्जी," ती वर बघून ओरडली, "बाबा गेले रे!"

"कृपया बाजूला व्हा," वरून यंत्र म्हणालं.